आजचा शब्द

त्या माळावर झाड एकच होते आणि वारा बारमाही. दुपार कलली की असा गार वारा सुटे की एकट्यादुकट्याने त्यात तग धरणे कठीण. म्हणून तिथले तरुण सातभाई पक्षी बाभळीच्या एका आडव्या फांदीवर रांगेने, एकमेकांना खेटून बसत. मधल्यांना ऊब मिळे, टोकाच्यांना वारा. पंख फुटले की आईबापांची फांदी सोडून या रांगेत यायचे, अशी रीत होती. रांगेत कोणी कुठे बसायचे हे मात्र वयावर किंवा ताकदीवर ठरत नसे. ते बोलण्यावर ठरे.

मिजास नावाची पक्षीण बरोबर मध्ये बसे. रोज सकाळी ती एक नवा शब्द काढी. कधी 'झुपूक', कधी 'खटॅक'. त्याला काही अर्थ असावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती. शब्द मधून कडेकडे जाई, आणि टोकाला पोचेपर्यंत मधल्यांनी तो टाकून दिलेला असे. शिळा शब्द बोलणाऱ्याला कोणी टोचत नसे, हाकलतही नसे. वारा सुटला की सगळे जरा सरकून बसत, आणि त्याला टोकाखेरीज जागाच उरत नसे. सगळे कसे अगदी सभ्यपणे चाले.

पिंगीने एक अख्खा हिवाळा टोकावर काढला होता. कान टवकारून, रात्रंदिवस शब्द घोकून ती एकेक जागा आत सरकली आणि मिजासपासून तिसरी झाली. त्याच सुमारास तिचा धाकटा भाऊ गिट्टू रांगेत आला. तो जिभेचा जड होता. 'खटॅक' जमवायला त्याला तीन दिवस लागले. जमले तेव्हा तो आनंदाने उडत थेट मध्ये आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, खटॅक ना?"

'खटॅक' मरून दोन दिवस झाले होते.

"हा कुणाचा गं?" मिजासने विचारले.

पिंगीने आपल्या नखांकडे पाहिले. "काय माहीत," ती म्हणाली.

गिट्टू टोकाला जाऊन बसला. तो रागावला नाही, आणि पिंगीला तेच जास्त लागले.

खाली किडे टिपायला उतरले की एकाने वर बसून पहारा करायचा, ही जुनी चाल तरुणांनीही ठेवली होती. शिक्रा दिसला की पहारेकऱ्याने 'चिर्रर्र' ओरडायचे, हे अंड्यातून निघाल्यापासून प्रत्येकाला ठाऊक होते. पण एके सकाळी मिजास म्हणाली, "चिर्रर्र काय? आमची आजी ओरडते तसं. घाबरल्यासारखं वाटतं. आजपासून 'लोणी' म्हणायचं. तेही हळू." मधले हसले आणि कबूल झाले. टोकाकडच्यांना सांगायचे कोणाच्या मनातही आले नाही.

त्या दिवशी पहारा पिंगीचा होता.

शिक्रा उन्हाच्या बाजूने आला. खाली दगडापाशी गिट्टू एकटाच माती उकरत होता. पिंगीच्या गळ्याशी 'चिर्रर्र' आले. नुसती चोच उघडायची होती. तिने मिजासकडे पाहिले, मग टोकाच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिले, आणि ती हळू आवाजात म्हणाली, "लोणी."

मधले सावकाश उडून काट्यांत शिरले. गिट्टूने मान वर केली. ताई आपल्याला नवा शब्द शिकवते आहे असे त्याला वाटले असावे, कारण त्याचा चेहरा खुलला. "लोणी," तो म्हणाला. मग सावली त्याच्यावर पडली. त्याने 'ताई' अशी हाक मारायला सुरुवात केली, पण ती 'ता'वरच राहिली.

दगडापाशी थोडी पिसे उडत होती. पिंगीला ओरडून रडायचे होते. पण रांगेत कसे रडतात हे तिला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिजासने शब्द काढला: "ता." एकाच्या चोचीतून अळी निसटली, तेव्हा शेजारचा लगेच म्हणाला, "ता." हसता हसता रांग हेलकावली. पण शब्द कोणालाच नीट जमेना. शेवटाला तो जसा मोडायला हवा तसा मोडत नव्हता.

मिजास पिंगीकडे वळली. "तू तर तिथेच होतीस. कसं म्हणाला गं तो?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. वारा सुटत होता. पिंगीने डोळे मिटले आणि तो शब्द उच्चारला, जिथे तुटला होता तिथेच तोडून.

मिजास खूश झाली. तिने सरकून आपल्याशेजारी जागा करून दिली. दोन्ही बाजूंनी रांग तो शब्द घोकू लागली, आणि पिंगी मध्ये बसून कोणाचे कुठे चुकते आहे ते सांगत राहिली.