शाई कडेलाच पुसली

फार वर्षांपूर्वी एका सकाळी, बरोबर सव्वादहाला, शर्यतीच्या गाडीचं नवं इंजिन सुरू झालं. त्यात प्रत्येक झडपेच्या डोक्यावर तिला खाली दाबणारा एकेक रॉकर होता. त्यातला तिसरा केसभर तिरका बसला होता, त्यामुळे त्याचा दाब कडेलाच पडायचा.

"दादा, जरा सरका की. माझी एक बाजू घासतेय," त्याच्या खालची झडप म्हणाली.

"नाजूकच आहेस बाई. बाकीच्या करतात का कुरकुर?" रॉकर म्हणाला. आपलं तिरकं बसणं त्याला कळत होतं, पण चारचौघांत कबूल कोण करणार? झडप बिचारी झिजत राहिली.

दुपारी इंजिन खडखडलं. आप्पासो मिस्त्रींनी झाकण उघडलं. "ही झडप खराब निघाली वाटतं. काढूनच टाकू. पण आधी बघू."

रॉकर नेमका कुठे दाबतो ते दिसावं म्हणून त्यांनी झडपेच्या डोक्याला निळी शाई लावली आणि इंजिन हाताने फिरवायला घेतलं.

"दादा, अंग आवळून सरळ बसा," झडप हळूच म्हणाली, "नाहीतर तुम्हाला काढतील."

रॉकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने अंग आवळलं नाही. शाई कडेलाच पुसली गेली, सगळ्यांदेखत.

"दोष हिचा नाही, ह्याचा आहे," म्हणत मिस्त्रींनी रॉकरच्या बाजूला वायसरची पातळ चकती सरकवली. रॉकर मधोमध आला.

झडपेची झिजलेली बाजू मात्र भरून आली नाही. मान खाली घालून रॉकर शेजारच्याला म्हणाला, "खालचीनं हाक मारली तर ऐकून घे रे. आणि पलीकडच्यालाही सांग."