पडद्यावरच्या पायऱ्या

“तुम्हाला नक्की शंका तरी कशाची आहे, बाई?”

शार्दूल हिंगेनं हे विचारलं ते चौदाव्यांदा. मी मोजत होते.

केळुसकर बाईंनी चौदाव्यांदा तेच उत्तर दिलं.

“पुन्हा कर.”

बस्स. 

मी बाईंच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ, कुंदा. काचेच्या नळ्या तापवायच्या, ओढायच्या आणि केसाहून बारीक टोकं काढून द्यायची, हे माझं सत्तावीस वर्षांचं काम. बाईंच्या प्रत्येक ‘पुन्हा कर’मागे माझी एक सकाळ वाया जायची. तेव्हा दोघांचाही वैताग येण्याचा मला पूर्ण हक्क होता.

बाईंनी अडतीस वर्षं एकाच गोष्टीत घातली. हृदयाच्या पेशीला पोटॅशियमसाठी दारं असतात. दार उघडलं की पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी शांत होते आणि पुढच्या ठोक्याला तयार होते. ही दारं डोळ्यांना दिसत नाहीत. काचेचं टोक पेशीवर टेकवायचं, तोंडात धरलेल्या रबरी नळीनं हलकेच ओढून ते घट्ट चिकटवायचं आणि पडद्यावर विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या रेघेकडे बघत बसायचं. दार उघडलं की रेघ एक पायरी वर चढते, मिटलं की उतरते. समोरच्या डेपोतून एस.टी. निघाली की ती रेघ थरथरते, म्हणून आमच्या टेबलाखाली वाळूच्या पेट्या आहेत. असलं नाजूक काम.

बाईंच्या या संशोधक विद्यार्थ्याला, शार्दूलला, एक नवीच पायरी सापडली होती. नेहमीपेक्षा उंच, जास्त वेळ टिकणारी. असं दार आजवर कुणी नोंदवलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण हुशारी डोक्यात गेलेली. पेशी हलू नयेत म्हणून बशीच्या तळाला रबरी लेप द्यायची युक्तीही त्याचीच, आणि ती तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

लेख लिहून तयार होता. दहा दिवसांवर व्याख्यात्याच्या जागेची मुलाखत होती. तिथं दाखवायला त्याच्या हाती हा एकच लेख, आणि बाईंच्या सहीशिवाय तो पुढं जाणार नव्हता. ही जागा गेली तर पुढची कधी निघेल, कुणी सांगावं.

त्या दिवशी त्याचा तोल सुटला. तो बोलला ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सार एवढंच, की बाईंच्या हातून आता नवं काही होत नाही, म्हणून त्यांना दुसऱ्याचं नवं बघवत नाही.

आता त्या त्याला खोलीबाहेर काढणार, असं मला वाटलं. काढायलाच हवं होतं. आणि बाईंनाही कुणीतरी दोन शब्द सुनावायला हवे होते. काय खटकतंय ते सांगून टाकलं असतं, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

बाई उठल्या. सूक्ष्मदर्शकाखालची त्याची बशी त्यांनी उचलली आणि सरळ बेसिनमध्ये ओतली.

“बाई...” शार्दूल ओरडला.

उंदराच्या हृदयातून पेशी सुट्या करायला साडेतीन तास लागतात हो. सकाळपासून त्यासाठीच तर आम्ही खपत होतो.

त्याच्याच लेपवाल्या बश्यांतली एक कोरी बशी बाईंनी घेतली. तीत नुसतं क्षारांचं पाणी घातलं आणि ती जागेवर ठेवली.

“पुन्हा कर.”

“कशावर करू? पेशीच नाहीत त्यात.”

बाईंनी खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी नवी नळी पुढं केली, दुसरं काय करणार. तो रागारागानं बसला. टोक खाली सोडलं आणि टेकवायला दुसरं काही नव्हतं म्हणून तळाच्या लेपावरच टेकवलं. हलकेच ओढलं.

रेघ सरळ. एक मिनिट झालं, दोन झाली.

“बघा,” तो कुचकट हसला. “काही नाही.”

बाईंचे डोळे पडद्यावरच.

मग रेघ एक पायरी वर चढली.

थांबली. उतरली. पुन्हा चढली... उंची तीच, त्याच्या लेखातली.

शार्दूलच्या तोंडातली नळी गळून पडली.

“आणखी एक द्या, कुंदाताई.”

मी दिली. मग आणखी एक. मग बशी बदलली. आता तो स्वतःच पुन्हा पुन्हा करत होता, आणि पायऱ्या येत होत्या. पेशी नाही, दार नाही. काच आणि रबर यांच्यामधल्या फटीतून प्रवाह गळत होता, एवढंच. पेशीवर जाताना टोकाला लेपाचा कण लागत असणार. तेच गळणं चार महिने दार म्हणून मोजलं गेलं, आणि टोकं मी पुरवली.

तो डोकं धरून बसला. मुलाखतीला आता रिकाम्या हातानं जायचं होतं. मला त्याची फार दया आली, आणि बाईंचा त्याहून जास्त राग.

“हे तुम्हाला ठाऊक होतं?” त्यानं विचारलं.

बाईंनी कपाटातून एक जुनी वही काढली. हिरव्या कापडी बांधणीची. मधलं एक पान उघडून त्याच्यापुढं ठेवलं. कागदाची पिवळी पडलेली पट्टी चिकटवलेली, तिच्यावर त्याच पायऱ्या. खाली तरुण वयातलं बाईंचं अक्षर: ‘नवे दार.’ तीनदा अधोरेखित. पलीकडच्या पानावर नियतकालिकातलं छापील कात्रण होतं. लेखिकेनं, म्हणजे बाईंनीच, आपला लेख मागं घेतल्याचं.

शार्दूलनं ते वाचलं. परत वाचलं.

“मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?” त्यानं वही बाईंकडं सरकवली. “एका वाक्याचं काम होतं, बाई.”

मीही अगदी हेच विचारणार होते.

बाई वहीची पानं मागं उलटत गेल्या. अगदी पहिल्या पानापर्यंत. तिथं त्यांचं अक्षर नव्हतं. त्यांच्या गुरूंचं होतं, ठसठशीत, निळ्या शाईतलं. वाक्य एकच.

‘आधी रिकामी बशी.’

बाईंनी त्यावर बोट ठेवलं...

“मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”