पोफळगडचं डेटा सेंटर आणि पटवेकरांची सगुणा

"छिन्नी थांबणार नाही!" भुजंगराव महाराज गरजले. "पुतळा माझा, डेटा सेंटर माझं, आणि दोन्ही मला दसऱ्यालाच हवेत!"

झालं! छिन्नी थांबवा म्हणून विनवायला आलेल्या रखमाजी पटवेकराची खेप फुकट गेली. शेजारच्या राजाने डेटा सेंटर बांधलं, म्हणून पोफळगडच्या महाराजांनाही ते हवं झालं होतं. राज्यातल्या सगळ्या नोंदी, फोटो आणि गाणी साठवायचं कोठार म्हणे! दालन उभं राहिलं, यंत्रांची उंच कपाटं दोन रांगांत समोरासमोर लागली. कपाटाला कपाट जोडायच्या होत्या दोनशे चाळीस केबली, आत केसाएवढा काचेचा धागा असलेल्या. ते काम रखमाजीकडे आलं. पण दालनाच्या पलीकडच्या टोकाला महाराजांनी स्वतःचा संगमरवरी पुतळा घडवायला घेतला होता. सहा पाथरवट दिवसभर ठाकठूक करायचे, आणि भुकटी अशी उडायची की दुपारपर्यंत रखमाजीच्या मिशा पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसायच्या. त्याने केबलीचं टोक घासूनपुसून तयार करावं, की बसलाच त्यावर कण. कण बसला की आतला उजेड अडला, केबल बाद, आणि तिचा कपाटावरचा दिवा लागेना! महिनाभरात एक टोक धड झालं नव्हतं.

"आठ दिवस देतो," महाराज म्हणाले. "छिन्नी चालू राहील, टोकाला कण लागणार नाही. आणि दसऱ्याला एक जरी दिवा विझला, तर पटवेकर, बिऱ्हाड गुंडाळायचं नि राज्याबाहेर चालू पडायचं!"

रखमाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक सगुणा तेव्हा एका मोहनमाळेचा गोंडा बांधत होती. पिढ्यान्‌पिढ्या दागिने ओवणारं घर ते. बापाने काचेचा धागा धरला, पण लेकीने रेशीम सोडलं नव्हतं. बापाची कहाणी ऐकून ती खुदकन हसली.

"हसतेस काय? घर सुटतंय आपलं!"

"बाबा, नवरीला मांडवात बसवून तिच्या गळ्यातच एकेक मणी ओवला होता का कधी आपण?"

"काहीतरीच! माप घेऊन घरी ओवायची माळ, आणि तयार झाली की मांडवात नेऊन घालायची."

"मग केबलीची टोकं मांडवात का बांधताय?"

"अगं, पण रीतच आहे तशी. जागेवर ओढायची, जागेवर बांधायची..."

"खड्ड्यात गेली ती रीत! उठा, माप घ्यायचंय!"

दुसऱ्या दिवशी सगुणा सुताची गुंडी घेऊन दालनात हजर! या कपाटापासून त्या कपाटापर्यंत, वळणावळणाने, दोनशे चाळीस मापं तिने घेतली आणि प्रत्येक सुताला आकडा बांधला. मग नदीपलीकडच्या पटवेकर आळीतल्या कारखान्याची खोली ओल्या फडक्याने चार वेळा पुसली, आणि अख्खी आळी कामाला बसली. मोत्याच्या भोकातून रेशीम घालणारे हात ते, त्यांना काचेच्या धाग्याचं काय भ्या? टोकं घासली, आतून उजेड सोडून एकेक केबल तपासली, टोकांना घट्ट टोप्या घातल्या, आकडे लावले, वेटोळी बांधली. सातव्या दिवशी सगळी वरात दालनात आली!

महाराज कमरेवर हात ठेवून उभेच होते. "मोठी आलीस शहाणी! टोपी काढलीस की धूळ बसणारच!"

"महाराज, अंतरपाट कधी दूर करतात?"

"मुहूर्तावर! एवढंही ठाऊक नाही?"

"मग हा बघा मुहूर्त!" सगुणाने कपाटाच्या आत, भोकाच्या अगदी तोंडाशी टोक नेलं, टोपी काढली आणि टक्! केबल बसली. पाथरवट ठोकतच होते, आणि इकडे आपलं टक्, टक्, टक्! दिवस मावळायच्या आत दालनभर हिरवे दिवे लुकलुकू लागले. रखमाजी आनंदाने नाचायचाच बाकी होता.

दसरा उजाडला. स्वतःच्या पुतळ्याला स्वतःच हार घालायला महाराज दोन रांगांमधल्या गल्लीतून ऐटीत निघाले. चार पावलं गेले आणि अडकले! पोट या कपाटाला, पाठ त्या कपाटाला!

"ओढा रे!" शिपायांनी ओढलं. महाराज हलेनात. "मग कपाटं सरकवा!"

"अहो, केबली तंतोतंत मापाच्या आहेत!" दिवाणजी किंचाळले. "कपाट हललं की टोकं निघतील, दिवे विझतील! रखमाजी, बांध गाठोडं!"

रखमाजी धावत कपाटाला आडवा झाला.

"सरकवा खुशाल," सगुणा म्हणाली. "दोन्हीकडे वीतवीत."

कपाटं करकरत सरकली. महाराज सुटले. सगळे दिव्यांकडे बघत राहिले. एकही विझला नाही!

महाराज घाम पुसत म्हणाले, "पोरी, ही वीत आली कुठून?"

"कपाटांच्या पायथ्याशी वेटोळं करून ठेवली होती, महाराज. पटवेकर गळ्याच्या मापाहून जास्त सूत सोडतोच. माप घ्यायचं साखरपुड्याला, माळ घालायची लग्नात, आणि मधल्या दिवसांत नवरी गावभर केळवणं जेवते!"

"पण इथे नवरी कोण?"

"ही गल्ली गेल्या दसऱ्याला आखली, महाराज. तेव्हापासून केळवणं कोण जेवतंय, ते अख्ख्या पोफळगडाला ठाऊक आहे!"

दिवाणजींनी डोळे मिटले. पुतळ्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्या पाथरवटांची छिन्नी पहिल्यांदाच थांबली. महाराजांनी एकदा पोटाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि असे खदाखदा हसले की दोन्हीकडची कपाटं थरथरली. दिवे मात्र तसेच!

"आजपासून राज्यातली प्रत्येक केबल पटवेकर आळीत तयार होईल! आणि हे घे बक्षीस!" त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढायला घेतला. तोही अडकला. कसाबसा सुटला, तेव्हा तो सगुणाच्या ओंजळीत टाकून महाराज हळूच म्हणाले, "हा तुझा. मला मात्र नवा ओवून दे. आणि हे बघ, दोन विती जास्तीचं सोड, दिवाळी तोंडावर आलीय!"