दोरा कोणी बांधला?

एका माणसाच्या घशात एक गाव होते. मोहरीच्या एका दाण्यावर अशी कितीतरी गावे मावतील, इतके ते लहान. शिकलेले लोक अशा गावाला पेशी म्हणतात.

त्या गावातली माणसे मण्यांची होती. मण्यांची लांब माळ ओवायची, तिची नीट घडी बसली की तिला हातपाय फुटायचे आणि ती कामाला लागायची. या माणसांना प्रथिने म्हणतात. कोणी ओझी वाही, कोणी भिंती लिंपी, कोणी वेशीवर राखण करी. राबून राबून एखाद्याची घडी सैल झाली, की ठकूआत्या त्याच्या मनगटाला दोरा बांधी. दोरा बांधलेला माणूस मोडघरात जाई. तिथे दगडोबा त्याची माळ उसवून मणी सुटे करी. त्याच मण्यांतून पुन्हा नवी माणसे ओवली जात. म्हणून गावात कोणी रडत नसे. "जातो आता, येईन पुन्हा कोणीतरी होऊन," असे म्हणत लोक हसत आत जात. दोऱ्याला नाही म्हणायची तिथे रीतच नव्हती.

दगडोबा मनाचा फार हळवा. तोंड पाहिले तर आपला हात चालणार नाही, अशी त्याला भीती. म्हणून तो तोंडाकडे बघतच नसे. फक्त मनगट बघे. दोरा दिसला, की खाली मान घालून माळ उसवी.

एके दिवशी गावात एक पाहुणा आला. अंगात झकपक अंगरखा, हातात वेशीच्या कुलपाला बरोबर बसणारी किल्ली. बोलणे तर असे गोड, की कोणाला संशय आला नाही. हा पाहुणा म्हणजे विषाणू होता. गावच्या मण्यांतून आपल्यासारखेच पाहुणे ओवायचे, गाव फुटेपर्यंत ओवायचे, आणि मग शेजारच्या गावांत शिरायचे, असा त्याचा बेत. त्याला धास्ती होती ती राखणदारांची. त्यांनी ओळखून एक हाळी दिली असती, तर आसपासची सगळी गावे सावध झाली असती.

पाहुण्याने कोणावर हात उगारला नाही. तो एकेका राखणदाराच्या गळ्यात हात टाकी आणि त्याला आत्याकडे घेऊन जाई.

"आत्या, हा बिचारा पार दमलाय हो. बांधा दोरा."

आत्याच्या दारात नेहमीच गर्दी. "आण बाबा हात इकडे," म्हणे, आणि बांधून मोकळी होई. राखणदार गोंधळून स्वतःकडे बघत. पण दोरा बांधला म्हणजे जायचे, एवढेच त्यांना ठाऊक. एकामागून एक ते मोडघरात गेले, आणि दगडोबाने खाली मान घालून त्यांच्या माळा उसवल्या.

शेवटी राखणदारांत एकटा रखमाजी उरला. त्याच्याही मनगटाला दोरा आला. पण तो हसत आला नाही. त्याने मोडघराची चौकट घट्ट धरली.

"दगडोबा, माझं काय चुकलं रे?"

"चुकायचं काय त्यात? हाताला दोरा आहे ना?"

"आहे. कोणी बांधला, ते विचारलंस का?"

"मी विचारत नसतो, रखमाजी. मला सोसत नाही."

"तुला सोसत नाही म्हणून मी मरू होय? वर तरी बघ एकदा!"

दगडोबाने मान वर केली. किती काळाने त्याने कोणाचे तोंड पाहिले होते! रखमाजीची घडी पक्की होती. नजर ताजी होती. मग आधी उसवलेल्या माळा त्याला आठवल्या. त्याही हाताला अशाच घट्ट लागल्या होत्या. आणि त्याने तेव्हा वर बघितले नव्हते.

त्याने मोडघर बंद केले. असे कधीच झाले नव्हते. बाहेर रांग तुंबली. लोक ओरडू लागले, "अरे, म्हातारा झोपला की काय? यालाच बांधा दोरा!"

रखमाजीचा हात धरून दगडोबा थेट आत्यासमोर उभा राहिला.

"आत्या, हा दोरा तू बांधलास?"

"मग काय तू बांधलास? पाहुणा म्हणाला, दमलाय."

"पाहुणा म्हणाला. तू पाहिलंस?"

आत्याने रखमाजीला चाचपले. खांदा, दंड, मनगट. तिचा चेहरा उतरला. "अगं बाई," एवढेच ती म्हणाली, आणि दाताने गाठ सोडली.

पाहुणा मागच्या मागे सटकत होता. रखमाजीने त्याचा अंगरखा धरला. अंगरखा फाटला, आणि आतले मणी कोणालाच ओळखीचे वाटेनात.

"या पाहुणे, हात पुढे करा," आत्या म्हणाली.

"पण मी कुठे दमलोय? मी तर ताजा आहे!"

"ताजा आहेस रे. पण गावचा नाहीस."

तिने दोऱ्यावर दोरा बांधला. दगडोबाने पाहुण्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतले, आणि मग त्याची माळ उसवली. एक तुकडा त्याने वेशीवर बाहेरून टांगला, जाणाऱ्या-येणाऱ्याने परका ओळखावा म्हणून. उरलेल्या मण्यांतून गावाने नवे राखणदार ओवले. आधी मोडलेले राखणदार मात्र तेच होऊन परत आले नाहीत.

रखमाजी वेशीवर चढला आणि त्याने हाळी दिली. "परका आलाय होऽऽ! अंगरख्यावर जाऊ नकाऽऽ!" शेजारच्या गावाने ती उचलली, त्याच्या शेजारच्याने पुढे नेली. त्या घशात मग पाहुण्याच्या जातीच्या एकालाही वेस उघडली नाही. गावोगाव नुसता जल्लोष झाला.

दगडोबाने मोडघर पुन्हा उघडले. रांगेत पहिला होता तो एक म्हातारा ओझेकरी. दगडोबाने त्याच्या डोळ्यांत पाहिले.

"दमलास ना रे बाबा?"

"दमलो," म्हातारा हसून म्हणाला.

"मग ये."

तात्पर्य: मन दुखेल म्हणून जो समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, त्याच्याच हातांनी परका त्याचे घर मोडून घेतो. नेमाचे काम करतानाही डोळे उघडे ठेवावेत, आणि हुकूम कोणाचा हे विचारायला लाजू नये.