हाक दिल्यानंतर

"मग बाबा, पोरं माझ्या हवाली करताय न्हवं?"

वस्तीतल्या दिवाणनं विचारलं खरं, पण उत्तर त्यानं गृहीतच धरलं होतं.

रायमलबाबा बोरीच्या सावलीत फाशाची दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

गोष्ट जुनी आहे, शिकारीला मनाई नव्हती तेव्हाची. माळावरच्या त्या पारधी वस्तीत तित्तर धरायचा फाशानं, पण त्याला फाशापर्यंत आणायचं तोंडानं. तित्तराची हाक हुबेहूब काढली, की रानातला तित्तर 'हा कोण उपटसुंभ माझ्या जागेत घुसला?' म्हणून तणतणत येतो आणि फाशात पाय घालतो. ही हाक पोरांना रायमलबाबा शिकवायचे. आता म्हाताऱ्याचा दम पुरेना. त्यांची जागा कोणाला जायची, तेवढंच ठरायचं होतं. दिवाणला ती हवी होती. इतकी हवी होती, की त्यापायी त्याला धड झोप लागत नव्हती.

"सगळा उन्हाळा घासलंय पोरांना," तो म्हणाला. "डोळं मिटून ऐका. माझी हाक कंची आन पोरांची कंची, वळखून दावा."

"बरं."

बाबांनी डोळे मिटले.

दिवाणनं खूण केली. झुडपामागून झिनीनं हाक दिली. मग भोऱ्यानं, मग टिक्यानं, शेवटी दिवाणनं स्वतः. मग चौघांनाही चेव आला. हाकेवर हाक, हाकेवर हाक. माळ नुसता दणाणून गेला.

दिवाणची छाती ही एवढी झाली. बाबांच्या तोंडावर तो कौतुक शोधू लागला.

बाबांचे खांदे गदगदत होते. अहो, म्हातारा हसत होता! हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं, बाबा?"

"झिने, हिकडं ये. आ कर बघू."

पोरगी झुडपामागून आली आणि तिनं भला मोठा आ केला.

"दात तर समदं शाबूत हायेत की गं. मग हाकंच्या शेवटाला ती शीळ कुठनं आली?"

"आवं, दिवाणदादाची हाक अशीच असती," झिनी म्हणाली. "जीभ दाताला दाबून धरायची, मग निघती शीळ. लई अवघड हाय. तीच शिकाया लई दिवस गेलं."

दिवाणचा हात आपसूक तोंडावर गेला.

मागं दरडीवरून पडला तेव्हा त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता. तेव्हापासून हाकेच्या शेवटी बारीकशी शीळ सुटायची. ती कोणाच्या ध्यानात येत नसावी, अशी आपली त्याची समजूत. आणि पोरांनी नेमकी तीच जिवापाड घोटली होती! त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोरांसमोर हे व्हायला नको होतं, असं त्याला फार वाटलं.

"पण बाबा," तो उसळला, "माझ्या हाकंला तित्तर येतोय! ह्या शिळंसकट येतोय! यंदा माझ्यावाणी तित्तर वस्तीत कुणी आणलं, सांगा की."

"कुणीच न्हाई."

"मग?"

"हाक दिल्यावर तू काय करतोस?"

"काय करणार? कायबी न्हाई."

"नीट सांग."

दिवाण घुटमळला. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

"शीळ निघाली, की... लाज वाटती," तो हळूच म्हणाला. "वाटतं, कळलं तित्तराला. मग गप पडून ऱ्हातो. श्वासबी जपून घेतो. त्यो इसरंस्तवर."

"आन तेवढ्यात?"

"तेवढ्यात त्यो येतो."

"हे पोरांना दावलंस?"

"ते काय दावायचं, बाबा? ते तर माझं भ्या."

बाबांनी दोरी बाजूला ठेवली. तळहात जमिनीवर टेकवला... बस, म्हणून.

दिवाण बसला. जागा गेली, हे त्याला कळून चुकलं होतं. वाद घालायलाही काही उरलं नव्हतं. तो मान खाली घालून बसून राहिला.

पोरांनी त्याच्याकडं पाहिलं. झिनी बसली. भोऱ्या बसला. टिक्याचं बूड एका जागी कधी ठरत नसे, पण तोही बसला. दादा हलेना म्हणून त्यांच्यातलं कोणीच हलेना.

...

बराच वेळ गेला.

तरवडाच्या झुडपापलीकडं पाचोळा वाजला. थांबला. पुन्हा वाजला. आणि मग एक खराखुरा तित्तर बोलला, अगदी जवळून.

दिवाण मान वर करू लागला.

"हलू नगंस," बाबा पुटपुटले. "आत्ता कुठं शिकवाया लागलास."