पांढरा ड्रेस कधी घालायचा

"मग घालायचा तरी कधी?" इंगवले साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

तांडेल वांग्याच्या रोपाला आळं करत होते. हात मनगटापर्यंत चिखलात. त्यांनी मान वर केली नाही.

"काय घालायचा?"

"ड्रेस. पांढरा. परेडचा."

"अच्छा... तो होय."

आणि पुन्हा आळं.

मी जीपला टेकून उभा. अडीच वाजले असतील. तळ्याकाठच्या सावरीची बोंडं उकलली होती आणि सगळीकडे कापूस तरंगत होता. वारा म्हणावा तर नव्हता. तरी कापूस खाली पडत नव्हता, नुसता इकडून तिकडे. बघता बघता डोळे जड व्हायला लागले. आपण जागे आहोत का झोपेत, हेच कळेना.

तांडेल म्हणजे आमच्या अग्निशमन दलात बंबावरच्या पाचसहा जणांचा म्होरक्या. दस्तगीर मुलाणींना रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण हुद्दा चिकटला तो चिकटलाच. तळ्यावरच्या जुन्या पंपघरात एकटे राहतात. स्टेशनात कुणाचं काही अडलं की तो इथं येतो.

साहेबही आले होते. पण खरं सांगू का, ते विचारायला आले नव्हते, होकार घ्यायला आले होते. वय अठ्ठावीस, नागपूरला शिकून आलेले, आमचे केंद्रप्रमुख. हुशार माणूस. फक्त ते त्यांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

झालं होतं असं. आमचा फायरमन भानुदास जगदाळे त्या दिवशी सकाळी गेला. धुरानं छाती पोखरली होती, आठ महिने रजेवर होता. चार वाजता उचलायचं ठरलं. त्याच्या बायकोनं, कलावतीवहिनींनी, एवढाच निरोप धाडला, "साहेबांना म्हणावं, पांढऱ्या ड्रेसवर या."

आणि दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. गावात निळ्या पताका लागल्या होत्या. जयंती तर होतीच, आमचा अग्निशमन दिनही तोच. सकाळी परेड, जिल्हाधिकारी येणार, साहेबांना प्रशस्तिपत्र मिळणार. आईवडील गावाहून निघालेसुद्धा होते. आणि पांढरा ड्रेस एकच. लाँड्रीतून आणलेला, प्लास्टिकसकट जीपमध्ये लटकत होता.

"आज स्मशानात घालून गेलो," साहेब म्हणाले, "धूर बसला, राख बसली, तर उद्या काय करू? तुम्हीच सांगा."

तांडेलांनी आळ्याची कड चापून घेतली.

"परिपत्रक आहे, तांडेल. परेडला घालावा. राष्ट्रीय सणाला घालावा. वरिष्ठांच्या पाहणीला घालावा. आणि आगीवर कुणी कामी आला तर त्याच्या अंत्ययात्रेला. भानुदास घरात गेला. खाटेवर, झोपेत."

"चांगला गेला," तांडेल म्हणाले. "आमच्यातल्या सगळ्यांनाच झोप मिळते असं नाही."

"तसं नव्हे... शेवटी वर्दीचा मान असतो. ती कुठंही घालून मिरवायची नसते."

तांडेलांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

"वर्दी घालतात?"

मी तोंड फिरवलं. नाहीतर हसलो असतो.

आमच्याकडे कपड्याला ड्रेस म्हणतात. वर्दी म्हणजे आगीचा निरोप. फोन आला की वर्दी आली. साहेब मात्र सिनेमात म्हणतात तसे कपड्यालाच वर्दी म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात जिन्यावरून ओरडून त्यांनी विचारलं, "वर्दी आली का रे?" लाँड्रीवाल्याची वाट बघत होते बिचारे. आम्ही चौघं बूट चढवून बंबात, मी गाडी गेटाबाहेर काढली आणि मग विचारलं, आग कुठं आहे.

"आम्हाला वर्दी यायची," तांडेल म्हणाले. "आली की पळायचं. तिचा मान तेवढाच."

साहेब ओशाळले. "तुम्ही मला शब्दात पकडताय."

"मी कुठं पकडतोय..."

तळ्यात एक म्हैस बसली होती, तिनं कान हलवला.

"साहेब, भानूला तुम्ही पांढऱ्या ड्रेसमध्ये पाहिलंत कधी?"

"नाही. मला येऊन वर्ष व्हायचंय. तो रजेवरच होता. खरं तर मी त्याला नीट ओळखतही नव्हतो."

"पोपट, तू?"

पोपट म्हणजे मी, बंबाचा ड्रायव्हर. सांगणारच होतो की हो, पाहिलंय की. अठरा वर्षं एकत्र काढली, पाहिलं कसं नसेल? पण आठवायला गेलो तर दरवेळी तेच डोळ्यांपुढे यायचं. बंब धुतलेला, झेंडूच्या माळा घातलेल्या. आम्ही सगळे पांढऱ्यात. गेटातून वळताना आरशात मागं दिसायचं ते रिकामं स्टेशन, दुसरा बंब, आणि फोनपाशी खाकीत, बूट घालून बसलेला भानू. हात वर केलेला. त्याच्या मागं भिंत, भिंतीवर ऊन. दरवर्षी तेच ऊन.

"नाही," मी म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं.

"सगळे परेडला गेले आणि वर्दी आली तर?" तांडेल म्हणाले. "कुणीतरी बसायला हवं. पंधरा वर्षं मी बसवला त्याला. माझ्यामागं तो आपणहून बसला. झाली सव्वीस."

"म्हणजे ज्याची गरज नाही, त्याला मागं ठेवायचं," साहेब म्हणाले.

"उलटं. ज्याच्यावाचून अडत नाही, तो परेडला जायचा."

मी अठरा परेडी केल्यात. गुपचूप म्हशीकडे बघत राहिलो.

साहेबांचा चेहरा लाल झाला.

"सकाळी गेलो होतो मी तिकडं," तांडेल म्हणाले. "त्याचा ड्रेस ट्रंकेत आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. कलावती दर दिवाळीला उन्हात घालायची."

"मग तो आज त्याच्या अंगावर..."

"मीही तेच म्हणालो. ती नको म्हणाली."

"का?"

तांडेलांनी हातातला चिखल रोपाच्या बुडाशी दाबला.

"म्हणाली, त्यांना सव्वीस वर्षं पांढऱ्यातली माणसं पाठमोरीच दिसली. एकदा कुणीतरी समोरून येऊ दे."

...

कापूस तरंगतच होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मला भानूची फार आठवण आली. आजारी होता तेव्हा मी दोनदाच भेटायला गेलो होतो. तिसऱ्यांदा जाईन जाईन म्हणत राहून गेलं, त्याची लाज वाटली.

साहेब उठले. जीपपाशी गेले, प्लास्टिकचं कव्हर खांद्यावर टाकलं आणि पंपघरात शिरले.

बाहेर आले ते पांढऱ्यात. टोपी, पट्टा, खांद्यावरच्या पट्ट्या, पितळी बटणं. उगाच कशाला खोटं बोलू, देखणे दिसत होते. त्या उन्हात, त्या उडत्या कापसात माणूस जमिनीवर उभा आहे असं वाटेना. म्हैससुद्धा बघायला लागली.

"जातो मी," साहेब म्हणाले. आवाज उतरला होता. "जायलाच हवं, कळलं मला. फक्त खांदा देणार नाही. गुलाल उधळतात, बसला की निघत नाही. जरा मागं उभा राहीन. चालेल ना?"

तांडेल गुडघ्यावर हात टेकून उठले. वय झालंय, दोन दमांत उठतात. साहेबांच्या अगदी जवळ गेले. त्यांना खालीवर न्याहाळलं. मला वाटलं, आशीर्वाद देणार.

त्यांनी चिखलाचा हात साहेबांच्या उजव्या खांद्यावर ठेवला. नीट दाबून ठेवला. मग काढला.

पाचही बोटं उठली होती.

मी जीपला टेकलेला सरळ उभा राहिलो.

"तांडेल... हे काय केलंत?" साहेब म्हणाले.

"खांदा मोकळा केला."

साहेबांनी हात खांद्याकडे नेला आणि मध्येच थांबवला. पुसलं तर आणखी पसरलं असतं. ओठ घट्ट मिटले होते. रागानं, का रडू येत होतं म्हणून, मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. ओल्या चिखलावर सावरीची एक म्हातारी येऊन बसली. ती त्यांनी उडवली नाही.

लांबून, जगदाळ्यांच्या आळीतून, हलगी ऐकू यायला लागली. मी जीपचं दार उघडलं.

साहेब दोन पावलं चालले, थांबले आणि वळले. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "पण मग उद्या परेडला मी काय घालून जाऊ?"

तांडेल पुन्हा रोपापाशी बसले होते. त्यांनी ओंजळभर पाणी आळ्यात सोडलं, ते मुरेपर्यंत बघत राहिले.

"उद्या स्टेशनवर भानूची जागा रिकामी आहे, साहेब."