अडसराची दोरी

दारं आणि दोऱ्या बोलायच्या, त्या काळची गोष्ट. गडावर परतल्यावर हाका मारायला नकोत म्हणून किल्लेदाराने महादरवाजाच्या आतल्या अडसराला दोरी बांधून ती भोकातून बाहेर सोडली होती.

"दादा, मला आत घ्यायला सांगा ना," दोरी म्हणाली.

"मी असताना घाबरतेस कशाला?" दरवाजा हसला.

शत्रूचा हत्ती धडकला. तट हादरला, पण दरवाजा ढिम्म हलला नाही. दोरी थक्क झाली. केवढी ही ताकद!

हत्ती दमून बसला. तेवढ्यात चरत आलेल्या शेळीने दोरी तोंडात धरून ओढली. अडसर सरकला आणि तो डोंगराएवढा दरवाजा निमूट उघडला.

"अगं, शेळीचं ऐकलंस?"

"दादा, मला किल्लेदार कुठे कळतो? मला फक्त ओढ कळते."